ही वाट सांगणारा तू कोण?

मुलांनो, दिवाळीची सुट्टी लागायच्या आदल्या दिवशी वर्गात काही शिकवायचं म्हणजे बाईंची परीक्षाच! कोणाचं लक्ष फराळाकडे, कोणाचं किल्ल्याकडे. म्हणून गेल्या वर्षी त्या दिवशी आमच्या चौथीच्या वर्गात मी पुस्तकं बंद करायला लावली आणि म्हटलं, "चला, आज टपाल-टपाल खेळू."

खेळ माझ्या धाकट्या भावानं सुचवलेला. तो पुण्यात एका कंपनीत संगणकाची जाळी सांभाळतो. "ताई, इंटरनेट कसं चालतं ते तुझ्या पोरांना फळ्यावर सांगू नकोस, खेळून दाखव," असं तो उन्हाळ्यात म्हणाला होता.

वर्गात अठ्ठावीस मुलं. चार-चार जणांचे सात गट केले आणि त्यांना गोलात बसवलं. एक, दोन, तीन असे क्रमानं, आणि सातव्याच्या शेजारी पुन्हा पहिला. प्रत्येक गटाला एक पुढारी आणि एक पाटी. नियम दोनच. पहिला नियम : पुढाऱ्यानं फक्त आपल्या दोन शेजाऱ्यांशीच बोलायचं. दुसरा नियम : 'कोणता गट कुठल्या बाजूला आणि किती टप्प्यांवर' हे शेजाऱ्याकडून ऐकून पाटीवर लिहायचं आणि पुढच्याला सांगायचं. दोन वाटा कळल्या तर कमी टप्प्यांची खरी धरायची.

पाच मिनिटांत सगळ्या पाट्या भरल्या. दुसऱ्या गटाच्या पाटीवर दिसत होतं, 'गट ६ : गट १ कडून, तीन टप्पे.' अगदी बरोबर! दोनकडून एक, एककडून सात, सातकडून सहा.

मग मी म्हटलं, "आता ज्याला वाटेल त्याला चिठ्ठी लिहा आणि टपालात टाका."

सहाव्या गटात एक मुलगी होती. तिचे आईवडील ऊसतोडीला जाणार होते आणि दुसऱ्या दिवशी पहाटे तीही ट्रॅक्टरमधून त्यांच्याबरोबर निघणार होती. सगळ्या वर्गाला हे माहीत होतं. त्यामुळे बहुतेकांनी तिलाच चिठ्ठी लिहिली. कोणी चित्र काढलं, कोणी 'लवकर परत ये' लिहिलं.

वेळ संपली. तिच्या हातात चिठ्ठ्या आल्या त्या एक, पाच आणि सात या गटांच्या. आणि तिची जिवाभावाची मैत्रीण होती दुसऱ्या गटात. तिची चिठ्ठी नव्हतीच! पोरीनं सगळ्या चिठ्ठ्या दोनदा उलटसुलट करून पाहिल्या आणि मान खाली घातली.

"मी लिहिली होती, बाई! देवाशप्पथ लिहिली होती!" मैत्रीण रडवेली झाली.

मग कुठे गेली चिठ्ठी?

टोपलीत सापडलं टपाल

शोधता शोधता तिसऱ्या गटाजवळची कचऱ्याची टोपली पाहिली. त्यात नऊ चिठ्ठ्या! सगळ्या त्याच मुलीच्या नावाच्या.

झालं होतं ते असं. सकाळी गोट्या खेळताना तिसऱ्या गटाच्या पुढाऱ्याचं सहाव्या गटाच्या पुढाऱ्याशी भांडण झालं होतं. म्हणून त्यानं आपल्या गटातल्या तिघांना हळूच सांगितलं, "गट सहाचं टपाल माझ्याकडे द्या." म्हणजे घ्यायचं आणि टोपलीत टाकायचं! पण हे वाक्य शेजारच्या दुसऱ्या गटाच्या पुढाऱ्यानं ऐकलं. त्याला वाटलं, वा! सहाव्या गटाची वाट इथून एकाच टप्प्यावर! त्यानं पाटीवरचे 'तीन टप्पे' पुसले आणि 'गट ३ कडून, एक टप्पा' असं लिहिलं. दुसऱ्या बाजूच्या चौथ्या गटानंही तेच केलं. झालं! तीन गटांचं टपाल टोपलीकडे वळलं.

"मी तर फक्त माझ्या गटाला सांगितलं होतं," तिसऱ्याचा पुढारी म्हणाला.

"त्यानं सांगितलं, मी लिहिलं. वाट जवळची होती ना, बाई!" दुसऱ्याचा पुढारी म्हणाला.

पाहा बरं. खोटं कोणीच बोललं नव्हतं आणि त्या मुलीचं वाईट व्हावं असं कोणाच्या मनातही नव्हतं. तरी चिठ्ठ्या टोपलीत गेल्याच.

संध्याकाळी भावाला फोनवर हे सांगितलं. तो आधी खूप हसला, मग म्हणाला, "ताई, तुझ्या वर्गात आज २००८ साल झालं!"

दवंडी पिटणारी जाळी

२००८ मध्ये काय झालं ते सांगतेच. पण त्याआधी इंटरनेटची थोडी ओळख करून घेऊ.

इंटरनेट म्हणजे एकच मोठी तार नव्हे. ते जाळ्यांचं जाळं आहे. मोबाईल कंपन्या, विद्यापीठं, बँका, सरकारी खाती, चित्रफिती दाखवणाऱ्या कंपन्या अशी सत्तर हजारांहून जास्त स्वतंत्र जाळी एकमेकांना जोडलेली आहेत. प्रत्येक जाळ्याला एक क्रमांक असतो, जसा आपल्या गटांना होता. आणि जाळ्यांच्या वेशीवर एक यंत्र बसलेलं असतं, राउटर. आलेलं टपाल कुठल्या वाटेनं पुढे पाठवायचं हे राउटर ठरवतो. त्याच्या पोटात एक पाटी असते, वाटांची यादी. जगातल्या मोठ्या राउटरच्या या पाटीवर आज जवळजवळ दहा लाख नोंदी असतात!

एवढी यादी कोण लिहून देतं? कोणीच नाही. प्रत्येक जाळं आपल्या शेजाऱ्यांना दवंडी देतं, 'ऐका हो ऐका, अमुक पत्ते माझ्याकडे आहेत.' शेजारी ती पुढच्याला देतो आणि आपलं नाव त्यात जोडतो. अशी दवंडी काही मिनिटांत जगभर फिरते. या दवंडीच्या भाषेला बीजीपी म्हणतात, म्हणजे बॉर्डर गेटवे प्रोटोकॉल. तिचा जन्म गमतीदार आहे. जानेवारी १९८९ मध्ये अमेरिकेत टेक्सासमधल्या ऑस्टिन गावी संगणकतज्ज्ञांची बैठक होती. तिथे कर्क लॉगीड आणि याकोव्ह रेख्टर या दोघांनी जेवणाच्या टेबलावर कागदी रुमालांवर तिचा आराखडा काढला. तीच भाषा पुढे सुधारत सुधारत आजही सगळं इंटरनेट चालवते आहे.

आणि दवंडी थांबली तर? तुमच्या आईबाबांना ४ ऑक्टोबर २०२१ ची रात्र आठवत असेल. रात्री नऊच्या सुमारास व्हॉट्सअ‍ॅप, फेसबुक, इन्स्टाग्राम सगळं एकदम बंद पडलं, ते सुमारे सहा तास! देखभालीच्या कामात दिलेल्या एका चुकीच्या आज्ञेमुळे फेसबुकचं आतलं जाळं तुटलं आणि त्यांच्या महत्त्वाच्या पत्त्यांची दवंडीच मागे घेतली गेली. यंत्रं जागच्या जागी होती, पण त्यांच्याकडे जायची वाट जगाच्या पाटीवरून पुसली गेली होती.

१९८९ मध्ये जाळी थोडी होती आणि ती चालवणारी माणसं एकमेकांना ओळखत होती. त्यामुळे दवंडी देणाऱ्याला 'हे पत्ते खरंच तुझे का?' असं विचारायची सोय त्या भाषेत ठेवलेलीच नव्हती. शेजारी म्हणाला ना, मग खरंच असणार! गावात सगळे ओळखीचे असले की दाराला कडी कशाला लावायची, तसंच.

पिनकोड आणि नेमका पत्ता

आता आणखी एक गोष्ट समजून घ्यायला हवी. पत्रावर आपण सहा आकडी पिनकोड लिहितो. तो १५ ऑगस्ट १९७२ पासून सुरू झाला. त्यामागे टपाल खात्यातले अधिकारी आणि संस्कृतचे कवी श्रीराम भिकाजी वेलणकर यांची कल्पना होती. पिनकोडचा पहिला आकडा मोठा विभाग सांगतो, पहिले तीन आकडे त्यातला भाग सांगतात आणि सगळे सहा वाचले की नेमकं टपाल कार्यालय कळतं. दिल्लीतल्या माणसाला पुण्यातलं प्रत्येक कार्यालय पाठ असायची गरज नाही. ४११ वाचलं की गठ्ठा पुण्याकडे!

इंटरनेटवरचे पत्तेही असेच आकड्यांचे असतात आणि त्यांचेही असेच गठ्ठे करतात. २००८ मध्ये यूट्यूब जगाला सांगत होतं, '२०८.६५.१५२.० पासूनचे १०२४ पत्ते माझ्याकडे.' हा झाला मोठा गठ्ठा.

समजा, तुम्ही फलटणला निघालात. एका फाट्यावर दोन पाट्या आहेत. एकीवर लिहिलंय, 'सातारा जिल्हा, डावीकडे.' दुसरीवर लिहिलंय, 'फलटण, उजवीकडे.' तुम्ही कुठे वळाल? उजवीकडेच! जास्त नेमकी पाटी आपल्याला जास्त खरी वाटते. राउटरचंही अगदी असंच असतं. मोठ्या गठ्ठ्याची वाट आणि छोट्या नेमक्या गठ्ठ्याची वाट अशा दोन्ही पाटीवर असल्या, तर तो छोटीच धरतो. अंतर किती, हे तो नंतर पाहतो.

मध्यरात्रीचे सव्वादोन तास

आता ऐका २००८ ची गोष्ट. फेब्रुवारी महिन्यात पाकिस्तान सरकारनं आपल्या देशात यूट्यूब बंद करायचा आदेश दिला. तिथल्या पाकिस्तान टेलिकॉम कंपनीनं त्यासाठी एक युक्ती केली. यूट्यूबच्या १०२४ पत्त्यांपैकी ज्या २५६ पत्त्यांवर कामाची यंत्रं होती, त्या तुकड्याची एक खोटी वाट तयार केली. या वाटेच्या शेवटी काहीच नाही. आलेलं टपाल टाकून द्यायचं. अशा वाटेला 'ब्लॅक होल' म्हणजे कृष्णविवर म्हणतात. आपल्या वर्गातली टोपलीच ती!

ही वाट फक्त देशापुरती होती. पण तिची दवंडी वेशीबाहेर गेली. हाँगकाँगच्या पीसीसीडब्ल्यू या मोठ्या कंपनीकडून पाकिस्तान टेलिकॉम इंटरनेट घेत असे. तिनं ती दवंडी ऐकली, खरी मानली आणि साऱ्या जगाला देऊन टाकली. तेव्हा भारतीय वेळेप्रमाणे २५ फेब्रुवारीच्या रात्रीचे बारा वाजून सतरा मिनिटं झाली होती.

जगभरच्या राउटरनी काय पाहिलं? यूट्यूबची पाटी १०२४ पत्त्यांची. नवी पाटी २५६ पत्त्यांची. जास्त नेमकी! बघता बघता जगातल्या मोठ्या भागातून यूट्यूबकडे निघालेलं टपाल पाकिस्तानच्या टोपलीकडे धावू लागलं. अमेरिकेत, युरोपात, कुठे कुठे लोक पडद्याकडे बघत बसले.

यूट्यूबच्या माणसांच्या हे लक्षात आलं. एक वाजून सदतीस मिनिटांनी त्यांनी स्वतःच त्या २५६ पत्त्यांच्या तुकड्याची दवंडी दिली. आता दोन्ही पाट्या सारख्याच नेमक्या. ज्याला जी जवळ, त्यानं ती धरली. त्यामुळे थोडं टपाल परत फिरलं. मग अकरा मिनिटांनी त्यांनी त्याच तुकड्याचे आणखी दोन भाग केले, १२८ आणि १२८, आणि त्यांचीही दवंडी दिली. ज्या जाळ्यांनी इतके छोटे तुकडे स्वीकारले, ती जाळी पुन्हा खऱ्या वाटेला लागली. शेवटी दोन वाजून एकतीस मिनिटांनी हाँगकाँगच्या कंपनीनं पाकिस्तान टेलिकॉमच्या वाटा मागे घेतल्या आणि गोंधळ मिटला. सव्वादोन तास!

"यात दोन दारं होती, ताई," भाऊ म्हणाला. "बाहेर सांगतानाचं एक आणि आत घेतानाचं एक. दोन्हीपैकी एक जरी बंद असतं, तरी जगाला काही कळलंसुद्धा नसतं."

या दाराला म्हणतात रूट फिल्टर.

वेशीवरचा पहारेकरी

फिल्टर म्हणजे गाळणी. चहाची गाळणी पत्ती अडवते आणि चहा सोडते. रूट फिल्टर खोट्या किंवा नको असलेल्या वाटा अडवतो आणि हव्या तेवढ्याच पाटीवर लिहू देतो. तो राउटरमध्ये नियमांच्या यादीसारखा लिहितात. आपल्या खेळात दुसऱ्या गटानं तिसऱ्या गटासाठी तो लिहिला असता, तर असा दिसला असता :

१०. गट ३ चा पत्ता : चालेल.
२०. गट ४ चा पत्ता : चालेल.
३०. गट ५ चा पत्ता : चालेल.

यात गट ६ कुठेच नाही. म्हणजे तिसरा गट 'सहा माझ्याकडे' म्हणाला असता, तरी दुसऱ्यानं पाटीला हात लावला नसता. आणि मैत्रिणीची चिठ्ठी नीट पोचली असती.

क्रमांक एक, दोन, तीन न देता दहा, वीस, तीस का? उद्या मध्ये एखादा नियम घालायचा झाला, तर पंधरावा म्हणून घालता यावा यासाठी. मलाही हजेरीपटात अशीच मोकळी ओळ ठेवायची सवय आहे!

या यादीच्या दोन गमती आहेत. पहिली : पहारेकरी यादी वरून खाली वाचतो आणि जुळणारा पहिला नियम सापडला की तिथेच थांबतो. म्हणजे 'सगळं चालेल' असं कोणी पहिल्याच ओळीत लिहून ठेवलं, तर खालचे शंभर नियम वाया! ते कोणी वाचतच नाही.

दुसरी गंमत : यादीच्या शेवटी एक न लिहिलेली ओळ असते. ती दिसत नाही, पण बहुतेक यंत्रांत ती असतेच. 'बाकी सगळं : नाही.'

या न दिसणाऱ्या ओळीनं माझ्या भावाला नोकरीच्या पहिल्याच वर्षी चांगला हिसका दिला. एक चुकीचा पत्ता शेजारच्या जाळ्याकडून येत होता, तेवढाच अडवायचा होता. हा रात्री घरी बसून दुरूनच कंपनीच्या राउटरवर काम करत होता. त्यानं एकच ओळ लिहिली, '१०. हा पत्ता : नाही.' आणि बटण दाबलं. त्याला वाटलं, बाकीचं आपोआप चालेल. पण खाली ती न दिसणारी ओळ होती ना! राउटरनं तो एक पत्ता अडवला आणि त्याच्यामागोमाग उरलेल्या सगळ्या वाटाही पुसून टाकल्या. कंपनी इंटरनेटपासून तुटली. आणि भावाची स्वतःची वाटही त्यातच गेली. चूक दुरुस्त करायला राउटरपर्यंत पोचणार कसं?

"मग काय केलंस रे?" मी विचारलं.

"काय करणार? रात्री अडीच वाजता गाडीला किक मारली आणि थंडीत कुडकुडत बारा किलोमीटर गेलो. यंत्राला तार जोडली आणि एकच ओळ वाढवली. '२०. बाकी सगळे : चालतील.'"

तेव्हापासून तो एक काळजी घेतो. नवा नियम चालू करण्याआधी राउटरला सांगून ठेवतो, 'दहा मिनिटांत मी ठीक आहे म्हटलं नाही, तर तू आपला जुन्या नियमांवर परत जा.' चूक झालीच, तर दहा मिनिटं कळ काढायची, यंत्र आपणहून मागे फिरतं. मला ही युक्ती फार आवडली. चूक होणारच नाही असं न मानता, झाली तर परतीची वाट आधीच ठेवायची!

आपलं अंगण, दुसऱ्याची वाट

फिल्टर सांगतो कोणती वाट घ्यायची आणि कोणती नाही. पण घेतलेल्या वाटांपैकी कोणती जास्त पसंत करायची आणि कोणती कोणाला सांगायची, हेही ठरवावं लागतं. या ठरावांना राउटिंग पॉलिसी म्हणतात. आपण त्याला घरची रीत म्हणू.

समजा, तुमच्या घराला दोन दारं आहेत. एक बाजारपेठेच्या रस्त्यावर उघडतं, दुसरं एसटी स्टँडच्या रस्त्यावर. घरच्यांना ते सोयीचं. पण तुम्ही बाजारात जाऊन ओरडलात, 'स्टँडकडे जायची जवळची वाट आमच्या घरातून आहे!' तर काय होईल? सगळा बाजार तुमच्या स्वयंपाकघरातून जाऊ लागेल! आजीच्या अंगावरून सायकली जातील! वाट खोटी नव्हती हं. पण ती जगाला सांगायची नव्हती.

जाळ्यांमध्येही असंच होतं. एखादी छोटी कंपनी दोन मोठ्या कंपन्यांकडून इंटरनेट विकत घेते, एक बंद पडली तर दुसरी असावी म्हणून. तिनं रीत पाळायची ती अशी : माझे पत्ते दोघींना सांगेन, पण एकीकडून कळलेल्या वाटा दुसरीला कधीच सांगणार नाही. ही रीत मोडली की त्याला वाटांची गळती म्हणतात.

२४ जून २०१९ ला अमेरिकेत पेनसिल्व्हेनिया राज्यात अशीच गळती झाली. तिथल्या एका छोट्या इंटरनेट कंपनीनं आपल्या आतल्या वापरासाठी इतरांच्या पत्त्यांचे बारीक नेमके तुकडे केले होते. ते तिच्या एका ग्राहकाकडे, धातू बनवणाऱ्या एका कंपनीकडे गेले. त्या कंपनीनं व्हेरायझन या भल्या मोठ्या कंपनीकडूनही इंटरनेट घेतलं होतं. तिनं ते तुकडे तिकडे सांगितले आणि व्हेरायझननं गाळणी न लावता जगाला दिले. झालं! महामार्गाची वाहतूक बोळात शिरली. हजारो संकेतस्थळं सांभाळणाऱ्या क्लाउडफ्लेअर कंपनीनं नंतर सांगितलं की सर्वांत वाईट वेळी त्यांची जगभरातली सुमारे १५ टक्के वाहतूक बुडाली होती.

इथे एक साधा नियमही पुरला असता. 'हा शेजारी रोज वीस-तीस पत्ते सांगतो. आज एकदम हजारो सांगू लागला, तर काहीतरी बिघडलंय. दार लावून घे!' वर्गातला रोज गप्प बसणारा मुलगा एकाएकी भाषण देऊ लागला, तर बाईसुद्धा विचारतात ना, 'काय रे, बरं आहे ना?'

आणि हे फक्त परदेशात होतं असं नाही बरं का! एप्रिल २०२१ मध्ये आपल्या भारतातल्याच एका मोठ्या मोबाईल कंपनीच्या जाळ्यानं दुसऱ्यांच्या तीस हजारांहून अधिक वाटांची दवंडी चुकून आपल्या नावानं दिली होती.

पत्त्यांचा सातबारा

पण शेजारी सांगतोय तो पत्ता त्याचाच आहे, हे पहारेकऱ्याला कळणार कसं? जमीन कोणाची हे आपण कशावरून ठरवतो? सातबारा पाहून. आता इंटरनेटच्या पत्त्यांचाही असा सातबारा निघतो. पत्ते वाटून देणाऱ्या पाच मोठ्या संस्था जगात आहेत. आपल्या आशिया-पॅसिफिक भागासाठी एपीएनआयसी ही संस्था आहे. ज्याला पत्ते मिळाले, तो संगणकी सहीनं नोंद करून ठेवतो, 'हे पत्ते सांगायचा अधिकार फक्त अमुक क्रमांकाच्या जाळ्याला आणि तुकडे करायचे तर इथपर्यंतच.' या व्यवस्थेला आरपीकेआय म्हणतात. दवंडी आली की राउटर नोंदीशी ताडून पाहतो. जुळली नाही तर घेत नाही. २००८ मध्ये अशी नोंद असती आणि हाँगकाँगच्या राउटरनं ती पाहिली असती, तर ती दवंडी वेशीवरच अडली असती.

सातबाऱ्यालाही मर्यादा आहेत. तो मालक कोण ते सांगतो, पण मालकाच्या घरापर्यंतची मधली वाट खरी की कोणी भलत्याच अंगणातून काढली, ते सांगत नाही. म्हणून फिल्टरही हवा, रीतही हवी आणि सातबाराही हवा. आणि ते सगळ्यांनी वापरायला हवं. २०१७ मध्ये इंटरनेटचे नियम लिहिणाऱ्या मंडळींनी राउटरसाठी एक नवा नियम ठरवला : बाहेरच्या शेजाऱ्यासाठी काही नियमच लिहिला नसेल, तर त्याच्याकडून काही घेऊ नका आणि त्याला काही देऊ नका. आधी ठरवा, मगच दार उघडा.

पुन्हा वर्गात

आता आमच्या टोपलीकडे येऊ. त्या नऊ चिठ्ठ्या काढल्या, झटकल्या. तिसऱ्या गटाचा पुढारी उठला आणि एकही शब्द न बोलता त्यानं त्या सहाव्या गटाकडे स्वतः नेऊन दिल्या. मैत्रिणीची चिठ्ठी सगळ्यांत खाली होती, थोडी चुरगळलेली. त्या मुलीनं ती मांडीवर ठेवून हातानं सारखी केली आणि इतर चिठ्ठ्यांबरोबर दप्तराच्या आतल्या कप्प्यात घातली. दुसऱ्या दिवशी ती गेली.

सुट्टीनंतर आम्ही तोच खेळ पुन्हा खेळलो. मी काही सांगायच्या आतच दुसऱ्या गटाच्या पुढाऱ्यानं पाटीच्या मागे एक यादी लिहिली होती. कोणाकडून काय घ्यायचं आणि कोणाला काय सांगायचं! तिसऱ्यानं गंमत म्हणून त्याला म्हटलं, "गट सहा माझ्याकडे आहे." त्यावर हा काय म्हणाला असेल?

"ही वाट सांगणारा तू कोण रे? आधी सातबारा दाखव!"

सगळा वर्ग हसला.

पालकांना एकच विनंती. आपल्या फोनवर रोज कितीतरी निरोप येतात. शेजाऱ्यानं पाठवला म्हणून आपण वाचतो आणि पुढे ढकलतो. तो निरोप पाठवणाराही आपल्यासारखाच भला माणूस असतो. तेव्हा निदान मुलांच्या देखत तरी पुढे पाठवायचं बटण दाबण्याआधी एकदा मोठ्यानं विचारा, हे मुळात कोणी सांगितलं? आणि हे सांगायचा त्याला अधिकार आहे का? मुलं ऐकत असतात.

तुम्हीही खेळा!

सात मित्र, सात पाट्या किंवा कागद आणि थोड्या चिठ्ठ्या एवढं पुरे. गोलात बसा आणि फक्त शेजाऱ्यांशी बोलून वाटांची यादी करा. मग एकाला गुपचूप खोटी दवंडी द्यायला सांगा आणि किती चिठ्ठ्या चुकतात ते मोजा. दुसऱ्या डावात प्रत्येकानं फिल्टर लिहा आणि पुन्हा मोजा. तिसऱ्या डावात फक्त एकानंच फिल्टर लिहू नका. बाकी सगळ्यांनी लिहा. त्या एका उघड्या दारामुळे काय होतं, ते नीट पाहा.